मर्यादा कोणाची मानावी?

अनेकांसाठी एकच नियम करावयाचा असला म्हणजे एक जुना प्रश्न हटकून उभा राहतो. ज्यांच्यासाठी नियम करावयाचा त्यांची शक्ती सारखी नसते. मग नियमाचे माप कोणावरून घ्यावे? जो सर्वांत समर्थ त्याच्यावरून, जो सर्वांत मर्यादित त्याच्यावरून, की जो संख्येने अधिक त्याच्यावरून? कुटुंबाचा खर्च, गावाचे पाणी, राज्याचा कायदा यांसंबंधी हा प्रश्न विचारला की दया, अभिमान, हितसंबंध आणि जुनी भांडणे त्यात मिसळतात आणि मूळ प्रश्न गढूळ होतो. म्हणून प्रस्तुत लेखात तो अशा ठिकाणी नेऊन पाहावयाचा आहे की जेथे दयेला जागा नाही आणि अभिमानालाही कारण नाही. ते ठिकाण म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. त्यातही आभासी संगणकांची परीक्षा घेणाऱ्या आज्ञावलीतील एक लहानसा नियम. विषय परका वाटेल. परंतु त्याला लागणारी सामग्री थोडी आहे, आणि ती क्रमाने मांडली तर संगणकाचा फारसा परिचय नसलेल्या वाचकालाही अडचण पडू नये.

प्रोसेसरकडून करून घ्यावयाचे काम लहान लहान तुकड्यांत वाटलेले असते. अशा एका तुकड्याला फंक्शन म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते तेव्हा त्याबरोबर काही मूल्येही द्यावी लागतात : कोणत्या फाइलमधून वाचावयाचे, कोठपासून, किती, इत्यादी. या मूल्यांना आर्ग्युमेंट असे नाव आहे. त्याचा वादविवादाशी येथे संबंध नाही. कामासोबत सोपविलेला ऐवज एवढाच अर्थ घ्यावा. हा ऐवज ठेवण्याची सर्वांत जवळची आणि जलद जागा म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील रजिस्टरे. कचेरीतील रजिस्टर म्हणजे नोंदवही. हे रजिस्टर म्हणजे एकच संख्या मावेल एवढा कप्पा.

असे कप्पे मोजके असतात, आणि किती असावेत हे प्रोसेसरच्या घराण्यावर अवलंबून असते. तंत्रज्ञ ज्याला आर्किटेक्चर म्हणतात त्याला येथे घराणे म्हणू. गायकीप्रमाणे येथेही प्रत्येकाची मांडणी वेगळी आणि परंपरा वेगळी. घरगुती व कचेरीतील बहुसंख्य संगणकांत असणाऱ्या ६४-बिटी एक्स८६ घराण्यात सामान्य उपयोगाचे सोळा कप्पे आहेत. मोबाइल फोनमुळे सर्वदूर गेलेल्या ६४-बिटी एआरएम घराण्यात एकतीस आहेत. अलीकडच्या रिस्क-फाइव्ह घराण्यात बत्तीस आहेत, पैकी एकात कायमचे शून्य असते. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचे एस/३९० हे घराणे १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० पासून चालत आले आहे. त्यात पुन्हा सोळाच. परंतु सगळेच कप्पे ऐवज ठेवण्यास मोकळे नसतात. कोणाकडे परतीचा पत्ता असतो, कोणाकडे स्टॅक नावाच्या स्मृतीतील राशीचा ठिकाणा. म्हणून प्रत्येक घराण्याने ठरवून ठेवलेले असते की पहिले मूल्य या कप्प्यात, दुसरे त्या कप्प्यात, आणि अमुक संख्येच्या पुढची सारी मूल्ये स्टॅकवर. लिनक्सवर ही संख्या एक्स८६ साठी सहा, एआरएम आणि रिस्क-फाइव्ह यांच्यासाठी आठ, आणि एस/३९० साठी पाच आहे.

ही मर्यादा निसर्गाने घातलेली आहे की माणसाने, हे प्रथम पाहिले पाहिजे; कारण निसर्गाच्या मर्यादेपुढे नीतीचा प्रश्न उद्भवत नाही. येथे उत्तर स्वच्छ मिळते. त्याच ६४-बिटी एक्स८६ प्रोसेसरवर लिनक्सऐवजी विंडोज चालविले तर कप्प्यांतून जाणाऱ्या मूल्यांची संख्या सहावरून चारवर येते. प्रोसेसर तोच, कप्पे तेच. ठरविणारी माणसे निराळी म्हणून आकडा निराळा. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मीमांसक मानतात, तर तो संकेताने ठरलेला आहे असे नैयायिक म्हणतात. भाषेच्या बाबतीत हा वाद कोणत्या बाजूने सोडवावा हे विद्वान जाणोत. रजिस्टरांच्या बाबतीत मात्र नैयायिकांचा पक्ष निःसंशय खरा आहे.

आणि संकेत आला की त्याच्या मागोमाग कर्तव्य येते. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथभागात दोन माणसे एकाच नावेची वल्ही मारीत असल्याचे उदाहरण दिले आहे. त्यांनी एकमेकांना कोणतेही वचन दिलेले नसते; तरी एकाचे वल्हे दुसऱ्याच्या भरवशावर पडते. फंक्शनांचे असेच आहे. देणाऱ्याने तिसऱ्या कप्प्यात ठेवले आणि घेणाऱ्याने चौथ्यात पाहिले तर दोघेही आपापल्या परीने बिनचूक असूनही काम बिघडते. एस/३९० मध्ये तर एक सुंदर बारकावा आहे. तेथे मूल्ये क्रमांक दोन ते सहा या पाच रजिस्टरांतून जातात. पैकी सहाव्या क्रमांकाचे रजिस्टर असे आहे की त्यातील मूल्य घेणाऱ्याने वापरावे, परंतु काम संपल्यावर ते जसे मिळाले तसे परत करावे. ऐवज आणि अमानत दोन्ही एकाच कप्प्यात! यंत्राला यातले काही कळत नाही. कळते ते यंत्रासाठी लिहिणाऱ्या माणसाला, आणि जबाबदारीही त्याचीच.

आता आभासी संगणकाकडे वळू. एका खऱ्या संगणकाच्या पोटात आज्ञावलीच्या साहाय्याने दुसरा संगणक उभा करता येतो. त्यावर चालणाऱ्या आज्ञांना आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत असेच वाटते. आतल्याला गेस्ट म्हणजे पाहुणा आणि बाहेरच्याला होस्ट म्हणजे यजमान म्हणण्याची रीत आहे. आज बँका, सरकारी खाती, दवाखाने यांची पुष्कळशी कामे अशा पाहुण्यांवर चालतात. लिनक्समध्ये ही सोय केव्हीएम नावाच्या भागाने मिळते. २००७ साली आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या गाभ्यात आहे. एका पाहुण्याने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये आणि यजमानाने पाहुण्याला खोटे जग दाखवू नये, यावर साऱ्या व्यवहाराचा भरवसा असतो. तो भरवसा तपासण्यासाठी चाचण्यांची एक आज्ञावली गाभ्याबरोबरच ठेवलेली आहे. २०१८ साली ती एक्स८६ पासून सुरू झाली. पुढे एआरएम, एस/३९० आणि रिस्क-फाइव्ह ही घराणी तिच्यात सामील झाली.

या चाचण्यांत यजमान एक लहानसा पाहुणा उभा करतो आणि त्याला सुरू करण्यापूर्वी कामासोबतची मूल्ये त्याच्या रजिस्टरांत स्वतः भरतो. भरण्याचे काम करणारे एक फंक्शन आहे. त्याला आधी सांगावे लागते की मूल्ये किती, आणि मग एकेक मूल्य. 'किती' हे सांगावे लागते, कारण ज्या सी भाषेत हे लिहिले आहे तिच्यात अनिश्चित संख्येने आलेली मूल्ये घेणाऱ्याला स्वतः मोजता येत नाहीत. देणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. या फंक्शनचे नाव सर्व घराण्यांत एकच आहे. आतील रचना मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि मर्यादाही वेगळी : एक्स८६ मध्ये सहा, एआरएम व रिस्क-फाइव्हमध्ये आठ, एस/३९० मध्ये पाच. सांगितलेली संख्या या मर्यादेत बसत नसेल तर फंक्शन पुढे जात नाही. चाचणी तेथेच थांबते आणि इतकी मूल्ये मला पेलत नाहीत, अशा अर्थाचा संदेश संख्येसह बाहेर येतो.

वाचकाला वाटेल, एवढ्यासाठी थांबायचे कशाला? पाच घ्यावीत आणि सहावे सोडून द्यावे. नीतीच्या दृष्टीने या लेखाचा गाभा येथेच आहे. रजिस्टर कधी रिकामे नसते. माणसाचा कप्पा रिकामा असला तर तो रिकामा दिसतो. रजिस्टरात मात्र सदैव कोणती तरी संख्या असतेच. तुम्ही ठेवली नाहीत तर पूर्वीच्या कामाची उरलेली असते. एस/३९० वरील पाहुण्याच्या फंक्शनने सहावे मूल्य मागितले तर ते स्टॅकवर पाहील, आणि तेथे जे काही पडलेले असेल ते आपले म्हणून उचलील. त्याला कळण्याचा मार्गच नाही. म्हणजे जे दिले गेले नाही ते 'नाही' म्हणून पोहोचत नाही. ते खोटे उत्तर होऊन पोहोचते. आणि तेही सदैव चुकीचे दिसेल असे नाही. त्या जागी योगायोगाने शून्य असले आणि शून्यच अपेक्षित असले तर चाचणी उत्तीर्णही होईल.

चाचणीची आज्ञावली ही न्यायालयातील साक्षीदारासारखी असते. इतर कोणी चुकला तर त्याची चूक साक्षीदार उघडी करतो. साक्षीदारच चुकला तर चुकीवर खरेपणाचा शिक्का बसतो. त्याची किंमत चाचणी लिहिणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती पुढे केव्हा तरी, कोठे तरी, ज्याला या आज्ञावलीचे नावही ठाऊक नाही अशा माणसाला मोजावी लागते. म्हणून साक्षीदाराला जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलण्याची आणि बाकीच्याविषयी 'मला सांगता येत नाही' असे स्पष्ट म्हणण्याची शिस्त लागते. मर्यादा ओलांडताच थांबणारे फंक्शन हीच शिस्त पाळते.

तरीही पहिला प्रश्न उरतोच : माप कोणाचे? एक मार्ग असा की सर्व घराण्यांवर पाचाचेच बंधन घालावे. यात समता आहे. परंतु आठ पेलणाऱ्याचे तीन हात कारणाशिवाय बांधले जातात. जी चाचणी केवळ एआरएमसाठीच लिहिली आहे, जी दुसरीकडे कधी जाणारच नाही, तिनेही पाचांतच का भागवावे? दुसरा मार्ग असा की बहुसंख्यांचे माप हेच माप. आज्ञावली लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या टेबलावर एक्स८६ यंत्र असते. तेथे सहा मूल्ये निर्वेध जातात, म्हणून सहा हीच सर्वांची संख्या असे नकळत गृहीत धरले जाते. कोणी वाईट हेतूने असे करीत नाही. आपल्या अंगणात जे चालते ते जगात चालते, असे मानण्याची माणसाची सवयच आहे. या मार्गाचा दोष असा की ज्याचे नुकसान होते तो लिहिणाऱ्याच्या दृष्टीसच पडत नाही.

तिसरा मार्ग प्रत्यक्षात स्वीकारलेला आहे. प्रत्येक घराण्याने आपली मर्यादा आपल्या ठिकाणी उघडपणे नोंदवावी आणि तेथेच तिचे रक्षण करावे. मात्र जो सर्वांसाठी सामाईक चाचणी लिहील त्याने सर्वांत लहान मर्यादा ध्यानात ठेवावी. खासगीत आठ, सामाईकात पाच. यात समर्थाचे हात बांधलेले नाहीत. परंतु समर्थ जेव्हा सर्वांच्या नावाने बोलतो तेव्हा कमीत कमी पेलणाऱ्याची माहिती ठेवण्याचे ओझे त्याच्यावर येते. मला हा मार्ग न्याय्य वाटतो, आणि तो दयेच्या पायावर उभा नाही म्हणून अधिकच न्याय्य वाटतो. पाचाची मर्यादा असलेले घराणे दुबळे नाही. जगातील मोठमोठ्या बँकांचे व्यवहार पेलणारी यंत्रे त्याच घराण्यातील आहेत. १९६४ पासूनच्या आज्ञावलींशी इमान राखत आल्यामुळे त्याची मांडणी तशी राहिली. मर्यादेवरून सामर्थ्याचे किंवा योग्यतेचे अनुमान काढता येत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

यावर असे म्हटले जाईल की सामाईक कामालाच सहा मूल्ये लागत असतील तर काय करावे. लहान मर्यादेपायी काम सोडून द्यावे काय? यालाही उत्तर आहे, आणि सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटते. छापील नमुन्यातील रकाना कमी पडला की त्यात 'सोबत पुरवणी जोडली आहे' असे लिहावे आणि सविस्तर मजकूर पुरवणीत द्यावा, ही रीत प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते. संगणकातही सर्व मूल्ये स्मृतीच्या एका तुकड्यात ओळीने लिहून त्या तुकड्याचा पत्ता तेवढा रजिस्टरातून देता येतो. स्मृतीचा भाग जोडून घेण्यासाठी लिनक्समध्ये एमएमॅप नावाची विनंती आहे. तिला सहा मूल्ये लागतात. एस/३९० वर ती सहाही मूल्ये अशीच एका तुकड्यात लिहून पत्ता दिला जातो. विशेष हे की आज बहुसंख्य असलेल्या एक्स८६ घराण्याच्या जुन्या ३२-बिटी काळातही या विनंतीसाठी हीच रीत होती. आजच्या समर्थाने कालची आपली पुरवणी विसरू नये, एवढे यावरून म्हणता येईल. या चाचण्यांत पाहुणा जेव्हा यजमानाला काही कळवितो तेव्हाही तो असा एक तुकडा भरून त्याचा पत्ताच देतो.

पुरवणीलाही किंमत पडते, हे सांगितले पाहिजे. पत्ता दिला म्हणजे ऐवज पोहोचला असे होत नाही. घेणाऱ्याला त्या पत्त्यावर जाता आले पाहिजे. पाहुण्याच्या जगातील पत्ता आणि यजमानाच्या जगातील पत्ता एक नसतो. यजमानाला तो आपल्या भाषेत फिरवून घ्यावा लागतो. मर्यादा ओलांडण्याचा मार्ग मिळतो, पण त्याबरोबर नवा संकेत आणि नवा विश्वासही सांभाळावा लागतो.

कधी कधी तर मर्यादा शक्तीची नसते, केवळ क्रमाची असते. ३२-बिटी एआरएमवर ६४-बिटी मूल्य दोन रजिस्टरांच्या ठरावीक जोडीत ठेवावे लागते. फाइलचा एक भाग तबकडीवर पक्का लिहून घेण्यासाठी सिंक-फाइल-रेंज नावाची एक विनंती आहे. तिच्यात पहिले मूल्य लहान आणि पुढची दोन मोठी. त्या क्रमाने भरले की पहिल्यानंतरचे एक रजिस्टर नुसते वाया जाते आणि जागा अपुरी पडते. २००७ च्या सुमारास उपाय झाला तो एवढाच की शेवटचे लहान मूल्य उचलून पहिल्याशेजारी ठेवले. वाया जाणारी जागा भरली आणि सारे मावले. 'याला पेलत नाही' असा निर्णय देण्यापूर्वी आपण ज्या क्रमाने दिले तो क्रम त्याला सोयीचा होता काय, हे एकदा पाहावे.

हा विचार रजिस्टरांपुरता राहत नाही याचे एक उदाहरण देतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी रूढ आहे. तमिळ कुटुंबांत पुष्कळ ठिकाणी आडनावाची प्रथाच नाही. ज्या नमुन्यात आडनावाचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, त्याच्यापुढे असा माणूस बसला तर तो काय करील? वडिलांचे नाव घालील, गावाचे नाव घालील, नाही तर स्वतःचेच नाव पुन्हा लिहील. रकाना रिकामा राहत नाही. त्यात खोटे आडनाव जाऊन बसते आणि पुढे जन्मभर प्रत्येक कागदावर त्याचा पाठलाग करते. नमुना करणाऱ्याचा हेतू निर्मळच असतो. त्याच्या अंगणात प्रत्येकाला आडनाव असते, एवढेच. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालण्याचा अनुभव आहे. तेवढ्यासाठीच, माप घेण्याची पाळी आपल्यावर येईल तेव्हा आपली त्रिपदी हेच जगाचे माप मानू नये, ही जबाबदारी आपल्यावर थोडी अधिक येते.

एक आक्षेप उरतो. थोड्यांसाठी पुष्कळांनी एवढी खबरदारी का घ्यावी? पाचाचे घराणे वापरणारे मोजके. त्यांनी त्यांचे पाहावे. याला उपयुक्ततेच्या भाषेतही उत्तर देता येईल की नव्या यंत्रावर अडखळणारी चाचणी बहुधा जुन्या यंत्रावरचेही एखादे गृहीत उघडे करते. परंतु मला दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. 'सामाईक' हा शब्द वापरणे म्हणजेच एक वचन देणे आहे. जे फक्त सहाच्या घराण्यात चालते त्याला सहाच्या घराण्याची चाचणी म्हणावे. त्यात काहीच गैर नाही. त्याला सर्वांची चाचणी म्हणावयाचे असेल तर सर्वांना ती पेलली पाहिजे, आणि पेलत नसेल तेथे तिने तसे स्पष्ट सांगून थांबले पाहिजे. संख्येने थोडे असलेल्यांवर उपकार करण्याचा हा प्रश्न नाही. आपण वापरलेल्या शब्दाशी खरे राहण्याचा आहे.

तेव्हा माप कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते : आपल्या घरात प्रत्येकाने आपल्या मापाने वागावे; सर्वांच्या नावाने काही करताना ज्याला सर्वांत कमी पेलते त्याचे माप आधी विचारावे; काम मोठे असेल तर क्रम बदलून पाहावा, पुरवणी जोडावी; आणि काहीच जमत नसेल तर अर्धे देऊन पूर्ण दिल्याचा भास निर्माण न करता, येथे थांबलो, असे मोठ्याने सांगावे. पाच मूल्ये घेऊन सहाव्याला नकार देणारे फंक्शन यातले शेवटचे काम अगदी नेमके करते. बाकीचे यंत्राला करता येत नाही. ते लिहिणाऱ्याकडेच राहते.